आवाज फाटू न देता गाडीच्या अँपचा गेन कसा लावायचा

माझ्या पहिल्या गाडीत अँप (अँप्लिफायर, स्टिरिओचा सिग्नल वाढवून स्पीकरला देणारं यंत्र) बसवून झाला तेव्हा बसवणाऱ्या पोराने शेवटचं काम म्हणून डिकीत वाकून एक बारका स्क्रू उजवीकडे पार टोकापर्यंत फिरवला आणि म्हणाला, "दादा, आता ऐका बेस!" बेस आला. आरसा थरथरला, नंबरप्लेट वाजायला लागली, मीही खूश झालो. महिन्याभरात डाव्या दारातला ट्वीटर (बारीक, वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) मुका झाला. पुढे कात्रजचा घाट चढताना जळक्या व्हार्निशसारखा वास यायला लागला. गाडी तापली असं समजून मी बॉनेट उघडून बघत बसलो, आणि जळत होती ती डिकीतल्या सबची, म्हणजे सबवूफरची (बेसच्या मोठ्या स्पीकरची) कॉइल, आतली तारेची गुंडाळी. दुकानात उत्तर ठरलेलं होतं: "स्पीकर हलके पडले, मोठे घ्या." मोठे घेतले. स्क्रू होता तिथेच होता, त्यामुळे त्यांचं काय झालं ते सांगायला नको.

तो स्क्रू म्हणजे गेन. तो नीट लावायला एक मल्टिमीटर, एक पेन ड्राइव्ह आणि रविवारची एक सकाळ पुरते. ज्यांनी आजवर अँपला हातही लावलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय, त्यामुळे जाणकारांनी थोडं सांभाळून घ्यावं.

स्क्रू नेमकं काय करतो

बहुतेक अँपवर गेनच्या एका टोकाला 6 व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला 0.2 व्होल्ट असे किंवा याच्या आसपासचे आकडे छापलेले असतात. मोठा आकडा कमी गेनच्या बाजूला असतो, म्हणून नवखा माणूस गोंधळतो. अर्थ साधा आहे. स्टिरिओकडून आरसीए वायरीतून किती व्होल्टचा सिग्नल आला की अँपने आपली पूर्ण ताकद द्यायची, ते हा आकडा सांगतो. तुमचा स्टिरिओ फुल आवाजाला 4 व्होल्ट देत असेल आणि स्क्रू 0.2 वर असेल, तर व्हॉल्यूम जरासा वाढवला की अँपचा दम संपतो. गेन वाढवून अँपमधून जादा वॅट निघत नाहीत. तेच वॅट व्हॉल्यूमच्या अलीकडच्या आकड्यावर मिळतात, एवढंच. आणि आपल्याला वाटतं, काय जोर आहे! 8 वरच एवढा, तर 30 वर किती!

30 वर काय होतं, ते पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या दारांवरून समजून घ्या. दारं ठेंगणी, पण माणूस वाकून आत जातो. आवाजाची लाट वाकत नाही. अँप जितके व्होल्ट देऊ शकतो त्याच्या वर लाटेचं जे डोकं जाईल ते सरळ छाटलं जातं आणि गोल टोकाची लाट सपाट माथ्याची होते. यालाच क्लिपिंग म्हणतात. कानाला तो फाटलेला आवाज म्हणून कळतो.

फाटला तर फाटला, स्पीकर का जळतो? तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत दुप्पट पॉवर असते. 50 वॅटचा अँप पार चेपला की 100 वॅटच्या घरात जातो. शिवाय गाण्यात एरवी ठोका, मग थोडी उसंत, पुन्हा ठोका असं चालतं, त्या उसंतीत कॉइल गार होते. क्लिपिंगमध्ये ती उसंतच कमी होते. सपाट माथ्यामुळे मूळ गाण्यात नसलेले वरच्या पट्टीतले सूर तयार होतात आणि ते थेट नाजूक ट्वीटरच्या वाट्याला जातात. तंबोऱ्यात जवारी लावून असेच वरचे सूर मुद्दाम काढतात, पण ती लावणारा कानाने सुतासुताने लावतो. इथे ते कुणी न मागता येतात.

आधी कागदावरचं काम

अँपच्या खोक्यावर जो भला मोठा आकडा असतो तो विसरा. 'मॅक्स' किंवा 'पीक' हे शब्द दिसले की नजर पुढे न्या आणि 'आरएमएस', म्हणजे सलग देता येणारी ताकद, शोधा, तोही तुमच्या स्पीकरच्या ओहमला (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा). बरेच अँप 4 ओहमला वेगळे आणि 2 ओहमला वेगळे वॅट देतात. आकड्यावर विश्वास बसत नसेल तर अँपचा फ्यूज बघा. फ्यूज 30 अँपिअरचा असेल तर 30 गुणिले 13.8 व्होल्ट, म्हणजे साधारण 414 वॅट आत जाणार. क्लास एबी प्रकारचा अँप त्यातले निम्मे किंवा थोडे जास्त स्पीकरला देतो, बाकीची उष्णता. क्लास डी प्रकारचा असेल तर पाऊण भागाच्या आसपास. म्हणजे 30 अँपिअरचा फ्यूज आणि खोक्यावर 2000 वॅट, हे गणित कुठल्याच शाळेत बसत नाही.

स्पीकरचे आरएमएस वॅटही लिहून घ्या. अँप आणि स्पीकर यांत ज्याचा आकडा लहान, तो आपला. आता सूत्र: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, म्हणजे व्होल्ट.

पुढचे स्पीकर 60 वॅट, 4 ओहम: 60 गुणिले 4 म्हणजे 240, वर्गमूळ 15.5 व्होल्ट. सब 250 वॅट, 4 ओहम: 1000 चं वर्गमूळ, 31.6 व्होल्ट. सब 300 वॅट पण 2 ओहमचा असेल तर 600 चं वर्गमूळ, 24.5 व्होल्ट. दोन कॉइलच्या सबला इथे जपून. 4-4 ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर 2 ओहम होतात, एकापुढे एक जोडल्या तर 8. तुमच्या गाडीत कसं जोडलंय ते डोळ्यांनी बघा, बसवणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. मीटरने ओहम मोजलात तर 4 च्या जागी 3.2 ते 3.6 दिसेल. ते बिघडलेलं नाही, पण सूत्रात 4 च घाला.

सामान

मल्टिमीटर नसेल तर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली किंवा पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळेल. साधा पिवळा चालतो. फक्त एक ध्यानात ठेवा: अशा स्वस्त मीटरचं एसी व्होल्टचं माप बहुधा 45 ते 400 हर्ट्झपर्यंतच (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) भरवशाचं असतं, कारण तो घरातली 50 हर्ट्झची वीज मोजायला बनवलेला असतो. पुढच्या स्पीकरसाठी 1000 हर्ट्झचा टोन (एकच सलग सूर) वापरा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण स्वस्त मीटर तिथे कमी आकडा दाखवू शकतो. आपण त्याच्या भरवशावर गेन वाढवत बसतो आणि ज्यातून सुटायचं त्याच खड्ड्यात पडतो. मी 200 हर्ट्झ वापरतो. सबसाठी 50.

टोन ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बनवा: साइन वेव्ह, दोन मिनिटं. अँप्लिट्यूडच्या चौकटीत ते आपणहून 0.8 भरतं, तिथे 1 करा. 1 म्हणजे 0 डीबी (डेसिबल), रेकॉर्डिंगमध्ये बसू शकणारा सगळ्यात मोठा सिग्नल. फाइल वेव्ह (WAV) स्वरूपात पेन ड्राइव्हवर घ्या आणि स्टिरिओला यूएसबीने लावा. ब्लूटूथ नको. फोनचा स्वतःचा व्हॉल्यूम, त्यातला इक्वलायझर, गाण्यांचा आवाज एकसारखा करणारी सेटिंगं, एवढे मध्यस्थ असतात की आपण नक्की काय मोजतोय तेच कळत नाही. नंतर ब्लूटूथवर गाणी ऐकणार असाल तर फोनचा व्हॉल्यूम कायम फुल ठेवा आणि कमी-जास्त स्टिरिओवरूनच करा.

स्टिरिओ कुठपर्यंत स्वच्छ आहे

कधी कधी अँप बिचारा ठीक असतो आणि स्टिरिओच वरच्या टोकाला सिग्नल फाडून पाठवतो. फाटलेलं दूध पुढे कितीही गाळलं तरी उपयोग नाही, तसं आहे हे. म्हणून स्टिरिओचा स्वच्छ व्हॉल्यूम आधी ठरवायचा.

स्टिरिओवर बेस, ट्रेबल, इक्वलायझर, लाउडनेस सगळं शून्यावर किंवा बंद करा. फेडर (पुढे-मागे आवाज वाटणारा) आणि बॅलन्स (डावा-उजवा वाटणारा) मधोमध. अँपचा गेन अगदी कमी करा, सबची वायर काढून ठेवा, आणि पुढच्या स्पीकरवर 1000 हर्ट्झचा टोन (हाही तसाच बनवा) लावून व्हॉल्यूम एकेक पायरी वर न्या. इथे मीटर नाही, कान वापरायचा आहे. स्वच्छ टोन बासरीसारखा गुळगुळीत असतो. सिग्नल फाटायला लागला की त्याच सुराला पेटीसारखी, मग सनईसारखी धार येते. ती धार जिथे लागेल त्याच्या दोन पायऱ्या खाली थांबा आणि आकडा लिहून ठेवा. टोन एका वेळी दोन-तीन सेकंदच वाजवा, ट्वीटरला सलग टोन सोसत नाही. गेन अगदी कमी असूनही फार मोठं वाजायला लागलं तर हा प्रयोग तिथेच सोडा.

फरक कळत नसेल तर एकूण व्हॉल्यूमच्या तीन चतुर्थांशावर थांबा, 40 पायऱ्या असतील तर 30. हा ठोकताळा आहे, पण नवख्याला पुरतो. आणि इथून पुढे तो आकडा म्हणजे तुमच्या गाडीचा शेवटचा व्हॉल्यूम. 31 कधीच नाही, लग्नाच्या वरातीतसुद्धा नाही.

कंपनीचाच स्टिरिओ ठेवून स्पीकरच्या वायरीवरून कन्व्हर्टरने अँपला सिग्नल दिला असेल तर जास्त जपा. असे काही स्टिरिओ व्हॉल्यूम वाढेल तसा बेस आपणहून कापतात आणि त्यांचा आतला छोटा अँप लवकर फाटतो. तिथे मी तीन चतुर्थांशाच्याही खाली राहतो.

आता स्क्रू

सगळं बंद करा आणि अँपमधून स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा. वायरींची उघडी टोकं एकमेकांना किंवा पत्र्याला लागणार नाहीत अशी टेपने गुंडाळा. आरसीए, पॉवर, अर्थ आणि रिमोट वायर (अँपला चालू व्हायचा इशारा देणारी) तशाच राहू द्या. स्पीकर सुटे असल्याने पुढचं सगळं काम मुक्याने होतं. माझ्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे काका पहिल्या वेळी आधीच बाल्कनीत येऊन उभे होते. तासाभराने तेच खाली आले आणि विचारायला लागले, "चालू केलंच नाहीस का रे अजून?"

अँपवरचा बेस बूस्ट शून्य. याबाबत मी हट्टी आहे. 6 डीबीचा बूस्ट म्हणजे त्या पट्टीत दुप्पट व्होल्ट आणि चौपट पॉवर, 12 डीबी म्हणजे सोळापट. तुम्ही स्क्रू सुतासुताने लावायचा आणि मग बूस्टचा नॉब फिरवून सगळं पाण्यात घालवायचं, याला अर्थ नाही. डॅशबोर्डखाली सबसाठी वेगळा नॉब लावलेला असेल तर तो मात्र आत्ता फुल करा. स्टिरिओमध्ये सबची वेगळी लेव्हल असेल तर ती नंतर जिथपर्यंत नेणार तिथे ठेवा. शून्यावर ठेवून गेन लावला आणि महिन्याने ती 10 वर नेली, तर तो गेन वाढवल्यासारखाच झाला.

अँपवरचे फिल्टरही (ठरावीक पट्टीचेच सूर पुढे सोडणारे) काम होईपर्यंत बाजूला करा. हे सहसा कुणी सांगत नाही. सबचा लो पास (फक्त खालचे सूर सोडणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर असेल तर 12 डीबी उताराच्या फिल्टरमध्ये 50 हर्ट्झचा टोनही सहा-सात टक्के कमी होऊन येतो. आपण तेवढा गेन जास्त देतो आणि नंतर 30-35 हर्ट्झचा खोल ठोका आला की तो आधी छाटला जातो. म्हणून लो पास पूर्ण वर, हाय पास (फक्त वरचे सूर सोडणारा) आणि सबसॉनिक (अगदी खोल सूर अडवणारा) पूर्ण खाली किंवा बंद. सगळं झालं की परत आपल्या जागी.

इंजिन चालू करा. बंद गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते, चालू गाडीत 13.8 ते 14.4. अँपवर छापलेले वॅट बहुधा 14.4 ला मोजलेले असतात आणि साध्या अँपची ताकद व्होल्टच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे 12.6 ला जवळपास पाव भाग कमी. पण गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये असेल तर आधी ती उघड्यावर आणा. बंद जागेत इंजिन चालू ठेवून डिकीत डोकं घालून बसणं म्हणजे विषारी वायूला आमंत्रण.

गेन पूर्ण डावीकडे. मीटर एसी व्होल्टवर, 200 च्या पट्टीवर. सबच्या चॅनेलच्या दोन टर्मिनलवर मीटरच्या सळ्या लावा. दोन चॅनेल ब्रिज केले असतील, म्हणजे दोघांची ताकद एकत्र करून एकच स्पीकर जोडला असेल, तर ब्रिजची जी दोन टोकं अँपवर दाखवलेली आहेत त्यांच्यावरच मोजा, एक सळई पत्र्याला लावून नाही. सळ्या एकमेकींना लागू देऊ नका, अँपचे शब्दशः बारा वाजतील. 50 हर्ट्झचा टोन लावा, व्हॉल्यूम आपल्या ठरलेल्या आकड्यावर न्या आणि स्क्रू हळूहळू उजवीकडे. इथे घाई नडते, कारण काही स्वस्त अँपांत अर्ध्या वळणापर्यंत काहीच हलत नाही आणि मग एकदम उडी. समजा 31.6 हवेत. 30 ला थांबलात तरी पॉवर फक्त दहा टक्के कमी आणि कानाला तो फरक अर्ध्या डीबीचाही नाही, म्हणजे कळणारच नाही. 33 ला गेलात तर मात्र कदाचित छाटणी सुरू. तेव्हा कमीकडे चुका.

पुढच्या स्पीकरसाठी हेच 200 हर्ट्झच्या टोनने. डावा-उजवा दोन्ही मोजा. एकाच स्क्रूवर दोन्ही चालत असतील आणि आकड्यात फरक असेल तर मोठा आकडा धरून स्क्रू लावा.

पूर्ण फिरवूनही हवे तितके व्होल्ट येत नसतील तर स्टिरिओचा सिग्नल अशक्त आहे किंवा आरसीए नीट बसलेली नाही. ते आधी बघा.

मीटर फक्त व्होल्ट सांगतो, लाटेचा आकार नाही. खोक्यावर आरएमएसचाही आकडा फुगवलेला असेल तर अँप 31 व्होल्टच्या आधीच छाटायला लागेल आणि मीटर निवांत आकडा वाढवत राहील. शिवाय स्पीकर सुटे असताना अँपला काही ओढायचं नसतं, खऱ्या ओझ्याखाली तो थोडा आधी टेकतो. कुणा मित्राकडे बॅटरीवर चालणारा छोटा ऑसिलोस्कोप (लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर एक दिवस मागून आणा. लाटेचा माथा सपाट होताना स्वतः बघितला की पुन्हा कुणाला समजावायला लागत नाही. 31.6 व्होल्टच्या लाटेचं टोक 44.7 व्होल्टला जातं, म्हणून 10 पटीचा प्रोब (व्होल्ट दहा पटीने कमी करून स्कोपला देणारी सळई) वापरा. आणि स्कोप गाडीच्याच चार्जरला लावून मोजू नका: स्कोपची अर्थ गाडीच्या पत्र्याला जोडली जाते आणि ब्रिज केलेल्या अँपच्या टर्मिनलवर तीच टोचली तर अँप शॉर्ट होतो.

काही जण सबसाठी 0 ऐवजी उणे 5 डीबीचा टोन वापरतात. जुनी नाट्यपदं, कॅसेटवरून उतरवलेली रेकॉर्डिंग बारीक आवाजाची असतात, ती मग जोरात वाजतात. पण त्याच सेटिंगवर हल्लीचं, काठोकाठ भरलेलं गाणं लागलं की त्याची टोकं छाटली जातात. पहिल्यांदा करताना 0 डीबीच धरा.

परत जोडून ऐकताना

व्हॉल्यूम शून्य, सगळं बंद, मग स्पीकरच्या वायरी अधिक-उणे बघून परत. फिल्टर जागेवर: पुढच्यांचा हाय पास आणि सबचा लो पास दोन्ही 80 हर्ट्झपासून सुरुवात करा. सब पुढच्या स्पीकरांवर भारी पडत असेल तर त्याचा गेन खाली आणा. खाली आणायला कसलीच बंदी नाही, फक्त मोजलेल्या जागेच्या वर न्यायचा नाही.

ऐकायला तबला लावा. डग्ग्याचा घुमारा मींडेसकट सुटा ऐकू आला पाहिजे आणि चाटीचा ठोका टिचून. डग्गा 'घुम' न करता 'भप्प' करत असेल तर फिल्टर किंवा सबचा डबा तपासा. मग लेझीम किंवा झांजा असलेलं काही लावा. छमछम वेगळी कळत असेल तर ठीक. सगळं मिळून पत्रा खरवडल्यासारखं लागत असेल तर पुढचा गेन आणखी कमी करा. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीजवळून जाताना छाती दडपते पण शब्द एकही कळत नाही, तो आवाज ओळखीचा करून ठेवा. आपल्याला त्याच्या उलट्या दिशेला जायचंय.

सोसायटीत ही परीक्षा घेऊ नका. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, रात्री म्हणजे दहा ते सकाळी सहा. शाळा, रुग्णालय, न्यायालयाच्या आसपास 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. मी सिंहगडाच्या बाजूला डोणज्याच्या पुढे मोकळ्या रस्त्याला जातो, आणि तिथेही काचा वर.

गाणं बंद असताना ट्वीटरमधून सूं असा आवाज येत असेल तर गेन अजून जास्त आहे. पण इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी येत असेल तर ते गेनचं नाही, अर्थिंगचं दुखणं आहे. अँपची अर्थ जिथे लावलीय तिथला रंग खरवडून कोरा पत्रा काढा आणि बोल्ट घट्ट करा.

एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हात उभ्या गाडीत सीटखालचा अँप आधीच तापलेला असतो. अशा वेळी मध्येच लाल दिवा लागून तो बंद पडला तर गेनला हात न लावता आधी त्याच्या आजूबाजूचं कार्पेट, पिशव्या, छत्र्या काढा.

शेवटी स्क्रूच्या खाचेसमोर अँपवर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, आणि व्हॉल्यूमचा आकडा, दोन्ही व्होल्ट, सबची लेव्हल आणि तारीख कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. गाडी सर्व्हिसिंगला गेली की बॅटरी काढतात, काही स्टिरिओंची सेटिंगं पुसली जातात आणि इक्वलायझर मनाला येईल तसा परत उभा राहतो. सब किंवा स्टिरिओ बदललात तर तो कागद फाडायचा आणि मीटर परत बाहेर काढायचा.